फेलिस श्रागेनहाइम

फेलिस राहेल श्रागेनहाइम (जन्म : ९ मार्च १९२२, बर्लिन, न्यायालयाने निश्चित केलेला मृत्युदिनांक : ३१ डिसेंबर १९४४) या नाझी राजवटीच्या बळी ठरलेल्या जर्मन ज्यू तरुणी होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बर्लिन शहरात भूमिगत राहत असताना लिली वुस्ट या ज्यूएतर जर्मन गृहिणीशी त्यांचे प्रेम जुळले. लिली या एका जर्मन सैनिकाच्या पत्नी आणि चार मुलांच्या माता होत्या. या दोघींनी एकमेकींना दिलेली टोपणनावे ‘एमे’ (लिली) आणि ‘जॅग्वार’ (फेलिस) अशी होती. ऑस्ट्रियन लेखिका एरिका फिशर यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘एमे उंट यागुआर’ (एमे आणि जॅग्वार) या पुस्तकामुळे आणि १९९९ साली त्यावर आधारलेल्या त्याच नावाच्या जर्मन चित्रपटामुळे ही कथा जगभर पोहोचली. फेलिस यांची पत्रे, कविता व छायाचित्रे लिली यांनी आयुष्यभर जपून ठेवल्यामुळे त्यांचे अल्पायुषी जीवन आज तपशिलाने ज्ञात आहे.

जन्म आणि कुटुंब

फेलिस यांचा जन्म बर्लिनमधील सुशिक्षित, सुस्थित ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे वडील अल्बर्ट श्रागेनहाइम आणि आई एर्ना (माहेरचे आडनाव कारेव्स्की) हे दोघेही दंतवैद्य होते. आईने त्या काळात असा व्यवसाय करणे ही विशेष बाब होती. इरेन या फेलिस यांच्या थोरल्या भगिनी. जर्मन भाषा, जर्मन साहित्य आणि शहरी राहणी यांच्याशी एकरूप झालेल्या बर्लिनच्या मध्यमवर्गीय ज्यू समाजाचे हे एक प्रातिनिधिक घर होते. १९३३ साली बर्लिनमध्ये सुमारे १,६०,००० ज्यू राहत होते. जर्मनीतील ज्यू लोकसंख्येचा जवळजवळ तिसरा हिस्सा या एकाच शहरात होता.

घरावरचे आघात मात्र लवकर सुरू झाले. १९३० साली एर्ना यांचे मोटार अपघातात निधन झाले. त्या वेळी फेलिस अवघ्या आठ वर्षांच्या होत्या. वडिलांनी पुढे दुसरा विवाह केला. परंतु १९३५ साली त्यांचेही निधन झाले. वयाच्या तेराव्या वर्षी फेलिस आईवडिलांविना पोरक्या झाल्या. त्याच वर्षी जर्मनीत न्यूर्नबर्ग कायदे लागू झाले. या कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले आणि ज्यू व ज्यूएतर जर्मन यांच्यातील विवाह व शरीरसंबंध गुन्हा ठरवले.

शिक्षण आणि निर्बंध

फेलिस अभ्यासात हुशार होत्या. लेखनाची आवड त्यांना शाळकरी वयापासून होती आणि पत्रकार होण्याची त्यांची इच्छा होती. हलक्याफुलक्या, विनोदी वळणाच्या यमकबद्ध कविता त्या सहज रचत. ९ व १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची घरे, दुकाने व प्रार्थनामंदिरे यांवर संघटित हल्ले झाले आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना छळछावण्यांत धाडण्यात आले. त्यानंतर काही दिवसांतच उरल्यासुरल्या ज्यू विद्यार्थ्यांना जर्मन शाळांतून काढून टाकण्याचा आदेश निघाला. फेलिस यांचे शालेय शिक्षण अंतिम परीक्षेपूर्वीच तुटले. विद्यापीठाचा आणि पत्रकारितेचा मार्ग त्यांच्यासाठी बंद झाला.

या काळात जर्मनी सोडून जाणे हाच सुटकेचा मार्ग होता. इरेन इंग्लंडला गेल्या आणि सावत्र आईने पॅलेस्टाइन गाठले. फेलिस यांनीही परदेशी जाण्यासाठी खटपट केली. अमेरिकेच्या व्हिशासाठी हमीपत्रे, प्रतीक्षा क्रमांक, जहाजाचे तिकीट आणि जर्मन सरकारची परवानगी या साऱ्या गोष्टी एकाच वेळी जुळून येणे आवश्यक असे. एक कागद हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि अनेक देशांची दारे मिटली. ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन सरकारने ज्यूंच्या देशांतरावर पूर्ण बंदी घातली. फेलिस बर्लिनमध्येच अडकल्या.

१९ सप्टेंबर १९४१ पासून सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यू व्यक्तीस कपड्यांवर पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले होते. पाठोपाठ १८ ऑक्टोबर १९४१ रोजी बर्लिनहून पूर्वेकडे ज्यूंना घेऊन जाणारी पहिली रेल्वेगाडी सुटली. फेलिस यांना इतर ज्यू तरुणींप्रमाणे कारखान्यात सक्तीची मजुरी करावी लागत होती. १९४२ साली त्यांच्या आजी हुल्डा कारेव्स्की यांना टेरेझिएनश्टाट येथे पाठवण्यात आले. जवळचे म्हणता येईल असे माणूस त्यानंतर फेलिस यांना शहरात उरले नाही.

भूमिगत जीवन

ऑक्टोबर १९४२ मध्ये स्वतःची पाळी आल्याचे दिसताच फेलिस यांनी हुकमाप्रमाणे हजर न होता भूमिगत होण्याचा निर्णय घेतला. त्यांनी पिवळा तारा काढून टाकला आणि परिचितांच्या घरी आसरा घेतला. अशा रीतीने लपून राहणाऱ्या ज्यूंना बर्लिनच्या बोलीत ‘पाणबुड्या’ अशा अर्थाचा शब्द रूढ झाला होता. बर्लिनमध्ये सुमारे ७,००० ज्यू भूमिगत झाले आणि त्यांपैकी सुमारे १,७०० जण युद्ध संपेपर्यंत तग धरू शकले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

भूमिगत माणसाकडे शिधापत्रिका नसे. त्यामुळे अन्नाचा प्रत्येक घास कोणाच्या तरी वाट्यातून येई. रस्त्यात ओळखपत्र तपासणाऱ्या पोलिसांची, संशयी शेजाऱ्यांची आणि हवाई हल्ल्याच्या वेळी तळघरात जमणाऱ्या अनोळखी लोकांची भीती कायम असे. यात आणखी एका धोक्याची भर पडली होती. स्वतःची किंवा कुटुंबाची सुटका होईल या आशेने काही ज्यू व्यक्ती गेस्टापोसाठी (नाझी गुप्त पोलीस) लपलेल्या ज्यूंचा माग काढून देत. त्यांना ‘ग्राइफर’ म्हणजे पकडणारे असे म्हटले जाई.

फेलिस यांचा स्वभाव या परिस्थितीतही धाडसी राहिला. त्या नीटनेटक्या पोशाखात शहरात वावरत, उपाहारगृहांत जात आणि मैत्रिणींच्या सहवासात रमत. काही काळ त्यांनी ‘फेलिस श्राडर’ या नावाने एका नाझी वृत्तपत्राच्या बर्लिन कार्यालयात नोकरीही केली. पत्रकार होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या या तरुणीला वृत्तपत्राच्या कचेरीत प्रवेश मिळाला तो खोट्या नावाने आणि शत्रूच्या घरात.

लिली वुस्ट

लिली वुस्ट (मूळ नाव एलिझाबेथ काप्लर) यांचा जन्म १ नोव्हेंबर १९१३ रोजी बर्लिनमध्ये ख्रिस्ती जर्मन कुटुंबात झाला. गुंटर वुस्ट या बँक कर्मचाऱ्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांना चार मुलगे झाले. चार मुलांना जन्म दिल्याबद्दल नाझी सरकारने त्यांना कांस्य ‘मातृपदक’ दिले होते. ‘आर्य’ वंशवृद्धीस उत्तेजन देण्यासाठी हे पदक १९३८ च्या अखेरीस सुरू करण्यात आले होते. चार किंवा पाच मुलांच्या मातेस कांस्य, सहा किंवा सात मुलांच्या मातेस रौप्य आणि आठ वा अधिक मुलांच्या मातेस सुवर्ण अशी त्याची श्रेणी होती.

लिली यांचे पती नाझी विचारांचे समर्थक होते आणि लिली यांनीही तो विचार फारसा प्रश्न न विचारता स्वीकारला होता. ज्यूंविषयी तुच्छतेने बोलणे त्यांना तेव्हा वावगे वाटत नव्हते. पती लष्करी सेवेत असल्यामुळे लिली मुलांसह बर्लिनच्या श्मारगेनडोर्फ भागात फ्रीडरिखशालर रस्त्यावरील २३ क्रमांकाच्या इमारतीत राहत होत्या. घरकामासाठी त्यांच्याकडे इंगे वोल्फ ही तरुणी नेमली गेली होती. जर्मन तरुणींना त्या काळात एक वर्ष घरकाम वा शेतकाम सक्तीने करावे लागे. इंगे या मनाने नाझीविरोधी होत्या आणि फेलिस यांच्या निकटच्या मैत्रीण होत्या. ही बाब लिली यांना माहीत नव्हती.

भेट आणि प्रेम

२७ नोव्हेंबर १९४२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालय स्थानकाजवळील ‘कॅफे बर्लिन’ या उपाहारगृहात इंगे यांनी लिली आणि फेलिस यांची ओळख करून दिली. लिली यांचे वय तेव्हा २९ वर्षे होते आणि फेलिस २० वर्षांच्या होत्या. ज्यूंविषयी पूर्वग्रह बाळगणारी गृहिणी आणि समोर बसलेली भूमिगत ज्यू तरुणी यांच्या या भेटीत धोका केवळ एकाच बाजूला होता. फेलिस यांनी तो जाणूनबुजून पत्करला. त्यानंतर त्या लिली यांच्या घरी वारंवार येऊ लागल्या. फुले, छोट्या भेटवस्तू, कविता आणि दीर्घ गप्पा यांमधून दोघींची जवळीक वाढत गेली.

मार्च १९४३ मध्ये लिली शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात होत्या. फेलिस त्यांना नियमितपणे भेटायला जात. याच काळात मैत्रीचे रूपांतर प्रेमात झाले. २५ मार्च हा दिवस दोघी पुढे आपल्या प्रेमाचा प्रारंभदिन मानत राहिल्या. लवकरच फेलिस लिली यांच्याच घरी राहू लागल्या. मुलांनाही त्यांचा लळा लागला. बाहेरच्यांच्या दृष्टीने युद्धकाळात एका कुटुंबवत्सल स्त्रीकडे राहायला आलेली ती मैत्रीण होती.

फेलिस यांचे ज्यू असणे लिली यांना आरंभी ज्ञात नव्हते. त्या रात्री-अपरात्री अचानक का निघून जातात आणि कित्येक दिवस कुठे असतात, याचा उलगडा लिली यांना होत नसे. १९४३ च्या वसंत ऋतूत फेलिस यांनी आपली खरी ओळख त्यांना सांगितली. हे सांगणे म्हणजे स्वतःचे प्राण दुसऱ्याच्या हाती देणे होते. लिली यांनी त्यांना दूर केले नाही. लहानपणापासून कानावर पडलेले आणि स्वतःही उच्चारलेले विचार यानंतर त्यांना टाकून द्यावे लागले. नाझी राजवटीच्या लेखी आदर्श ठरलेली माता आता त्याच राजवटीने मृत्युदंड फर्मावलेल्या समाजातील स्त्रीला आपल्या घरात लपवत होती.

सहजीवन

जून १९४३ च्या अखेरीस दोघींनी आपला विवाह झाल्याचे मानून परस्परांना लेखी वचने दिली. एकमेकींवर प्रेम करणे, एकनिष्ठ राहणे, घरात सुव्यवस्था ठेवणे अशी गंभीर व खेळकर कलमे त्यांत एकत्र गुंफलेली आहेत. दोघींनी अंगठ्याही घातल्या. या वचनांना कायद्याचा कोणताही आधार नव्हता. जर्मन दंडविधानाचे १७५ वे कलम पुरुषांमधील समलिंगी संबंधांना शिक्षा देत असे. स्त्रियांच्या संबंधांचा उल्लेख त्यात नव्हता. तरीही १९३३ नंतर बर्लिनमधील समलिंगी स्त्रियांची मंडळे, नियतकालिके व भेटीची ठिकाणे बंद पाडण्यात आली होती आणि संशय आल्यास अन्य कारणाने कारवाई होत असे. फेलिस यांच्या बाबतीत निर्णायक धोका मात्र ज्यू असण्याचाच होता.

ऑक्टोबर १९४३ मध्ये लिली यांचा पतीपासून घटस्फोट झाला. त्यामुळे चार मुलांसह कुटुंबाची सारी जबाबदारी त्यांच्यावर आली. शहरावर बॉम्बहल्ले वाढत होते आणि अन्नाची टंचाई तीव्र झाली होती. त्यापूर्वीच, जून १९४३ मध्ये, बर्लिन ‘ज्यूमुक्त’ झाल्याची घोषणा नाझी प्रचारमंत्री गोबेल्स यांनी केली होती. लिली यांच्या घरी फेलिस यांच्या मैत्रिणींचा राबता असे. त्यांपैकी काही जणी ज्यू होत्या. फेलिस कधी काही दिवसांसाठी बाहेर राहत आणि त्या काळात दोघींमध्ये पत्रव्यवहार होई. एकाच शहरात राहूनही त्यांनी एकमेकींना लिहिलेल्या पत्रांची व कवितांची संख्या मोठी आहे. फेलिस यांच्या आधीच्या मिश्कील रचनांची जागा या काळात प्रेमकवितांनी घेतली.

अटक

२१ ऑगस्ट १९४४ हा उन्हाळ्यातील कडक दिवस होता. फेलिस व लिली हाफेल नदीवर पोहायला गेल्या होत्या. तेथे त्यांनी कॅमेऱ्याची स्वयंचलित कळ लावून एकत्र छायाचित्रे काढली. पोहण्याच्या पोशाखातील, हसऱ्या चेहऱ्यांच्या त्या दोघींची ही छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत आणि त्यांच्या कथेशी ती कायमची जोडली गेली आहेत. सायंकाळी त्या घरी परतल्या तेव्हा गेस्टापोचे लोक घरात वाट पाहत होते. फेलिस यांना तेथेच पकडण्यात आले. त्यांची खबर कोणी दिली, हे आजतागायत निश्चित झालेले नाही.

फेलिस यांना ज्यू रुग्णालयाच्या आवारातील शुलश्ट्रासे येथील संकलन केंद्रात ठेवण्यात आले. तेथून ज्यूंना छावण्यांकडे पाठवले जाई. लिली यांची चौकशी झाली. फेलिस ज्यू असल्याचे आपणास ठाऊक नव्हते, अशी भूमिका त्यांनी घेतली. चार लहान मुलांची आई आणि मातृपदकधारक असल्याने त्यांना अटक झाली नाही. परंतु त्यांच्यावर पोलिसांची नजर राहिली. तरीही त्या खाद्यपदार्थ व कपडे घेऊन फेलिस यांना भेटण्यासाठी केंद्रावर जात राहिल्या.

टेरेझिएनश्टाट, ऑशविट्स आणि मृत्यू

८ सप्टेंबर १९४४ रोजी फेलिस यांची रवानगी प्रागच्या उत्तरेस असलेल्या टेरेझिएनश्टाट या छावणीत करण्यात आली. मूळच्या या तटबंदीच्या गावाचे नाझींनी ज्यूंसाठीच्या बंदिस्त वस्तीत रूपांतर केले होते. बाहेरील जगाला दाखवण्यासाठी ती आदर्श वसाहत असल्याचा देखावा केला जाई. प्रत्यक्षात उपासमार व रोगराईने तेथे सुमारे ३३,००० लोक मरण पावले आणि सुमारे ८८,००० जणांना तेथून मृत्यूच्या छावण्यांकडे व पूर्वेकडील अन्य ठिकाणी नेण्यात आले.

सप्टेंबरच्या अखेरीस लिली रेल्वेने प्रवास करून टेरेझिएनश्टाट येथे पोहोचल्या. छावणीच्या अधिकाऱ्यासमोर जाऊन त्यांनी फेलिस यांना भेटण्याची परवानगी मागितली. त्यांना दरडावून हाकलून देण्यात आले. एका ज्यूएतर जर्मन स्त्रीने छावणीच्या दारात जाऊन ज्यू बंदिवानाची चौकशी करणे ही त्या काळात जवळजवळ अकल्पनीय गोष्ट होती. याच सुमारास, २८ सप्टेंबरपासून, टेरेझिएनश्टाटहून ऑशविट्सकडे गाड्यांची एक मोठी मालिका सुरू झाली. महिनाभरात ११ गाड्यांतून १८,००० हून अधिक लोक नेण्यात आले. फेलिस यांना ९ ऑक्टोबर १९४४ रोजी या मालिकेतील एका गाडीत चढवण्यात आले.

ऑशविट्स येथे आलेल्यांपैकी बहुतेकांना थेट विषारी वायूच्या कोठड्यांकडे नेले जाई. तरुण व सशक्त असल्यामुळे फेलिस यांची निवड मजुरीसाठी झाली. पुढे त्यांना सायलेशियातील कुर्त्सबाख येथे पाठवण्यात आले. ग्रोस-रोझेन छळछावणीच्या या उपछावणीत सुमारे १,००० ज्यू स्त्रियांकडून थंडीवाऱ्यात रणगाडाविरोधी खंदक खणण्याचे काम करून घेतले जाई. तेथील मुक्कामात फेलिस यांची काही पत्रे लिलीपर्यंत पोहोचली. वर्ष संपता संपता ती येणे थांबले.

जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य जवळ येताच कुर्त्सबाखची छावणी रिकामी करण्यात आली. बर्फातून पायी हाकलत नेलेल्या त्या स्त्रियांपैकी अनेक जणी वाटेत मरण पावल्या. वाचलेल्यांना पुढे बेर्गेन-बेल्सेन छावणीत नेण्यात आले. फेलिस यांचा अंत छावणीत, वाटचालीत की बेर्गेन-बेल्सेन येथे झाला, याची कोणतीही नोंद नाही. १९४८ साली बर्लिनच्या न्यायालयाने त्यांना मृत घोषित केले व ३१ डिसेंबर १९४४ हा मृत्युदिनांक ठरवला. त्यांना २३ वे वर्ष पूर्ण करता आले नाही.

लिली वुस्ट यांचे पुढील आयुष्य

फेलिस यांच्या अटकेनंतर लिली यांनी ज्यूंना मदत करणे थांबवले नाही. युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत त्यांनी तीन ज्यू स्त्रियांना आपल्या घरी आश्रय दिला. त्यांत चित्रकार लोटे लासरश्टाइन यांच्या भगिनी केटे यांचा समावेश होता. मे १९४५ मध्ये युद्ध संपले, तेव्हा या तिघी जिवंत होत्या.

युद्धानंतर लिली यांनी फेलिस यांचा कसून शोध घेतला. छावण्यांतून परतणाऱ्यांकडे त्या विचारपूस करत. शोध निष्फळ ठरला. त्यांनी आत्महत्येचा प्रयत्नही केला. १९५० साली त्यांनी पुनर्विवाह केला. पण तो वर्षभरात संपुष्टात आला. पुढे चार मुलांना वाढवत त्यांनी हलाखीत दिवस काढले. त्यांच्या चार मुलांपैकी एकाने ज्यू धर्म स्वीकारला आणि १९६१ साली तो इस्रायलला स्थायिक झाला. फेलिस यांची पत्रे व कविता लिली यांनी स्वतः टंकलिखित करून ‘अश्रूंची वही’ या अर्थाच्या नावाने बांधून ठेवल्या होत्या. अनेक दशके हा संग्रह त्यांच्या घरापुरताच राहिला.

१९८१ साली पश्चिम जर्मनीने लिली यांना ‘बुंडेसफेर्डीन्स्टक्रॉइझ’ हा राष्ट्रीय सन्मान दिला. ज्यूंचे प्राण वाचवण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्या ज्यूएतर व्यक्तींना जेरुसलेमची ‘याद वाशेम’ ही संस्था ‘राष्ट्रांतील धर्मनिष्ठ’ हा सन्मान देते. १९९५ साली तो लिली यांना मिळाला. ३१ मार्च २००६ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

पुस्तक आणि चित्रपट

१९९१ साली एरिका फिशर यांनी लिली यांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. त्या मुलाखती, मूळ पत्रे आणि फेलिस यांच्या हयात मैत्रिणींच्या आठवणी यांच्या आधारे लिहिलेले पुस्तक १९९४ साली प्रकाशित झाले आणि त्याचे अनेक भाषांत अनुवाद झाले. मॅक्स फेर्बरबॉक यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाने १९९९ च्या बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे उद्घाटन झाले. फेलिस यांची भूमिका मारिया श्राडर यांनी आणि लिली यांची भूमिका युलियाने कोलर यांनी केली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे रौप्य अस्वल पारितोषिक या दोघींना विभागून देण्यात आले. फेलिस यांच्या जीवनावर फिशर यांनी पुढे २००२ साली छायाचित्रांसह एक स्वतंत्र पुस्तकही सिद्ध केले.

मूल्यमापन आणि मतभेद

या कथेची सर्वाधिक माहिती हयात राहिलेल्या जोडीदाराकडून आलेली आहे. त्यामुळे तिच्या वाचनाविषयी मतभेद आहेत. फेलिस यांच्या वर्तुळातील एका मैत्रिणीने लिली यांच्या हेतूंवर शंका घेतली होती. टेरेझिएनश्टाटची भेट फेलिस यांना घातक ठरली असावी, असाही एक आक्षेप आहे. मात्र त्या भेटीचा आणि फेलिस यांच्या पुढील रवानगीचा संबंध दाखवणारा पुरावा पुढे आलेला नाही. त्या सुमारास टेरेझिएनश्टाटमधील हजारो तरुण बंदिवानांना ऑशविट्सला पाठवण्यात आले होते.

काही अभ्यासकांनी या नात्यातील विषमतेकडे लक्ष वेधले आहे. फेलिस यांचे अन्न, निवारा व सुरक्षितता लिली यांच्यावर अवलंबून होती. अशा परिस्थितीत प्रेम आणि गरज यांच्यातील सीमा कोठे आखावी, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला आहे. दुसरीकडे, अटकेनंतरही लिहिली गेलेली फेलिस यांची पत्रे आणि लिली यांनी पत्करलेले धोके यांवर बहुतेक वाचकांनी भर दिला आहे. या चर्चेमुळे एका गोष्टीची जाणीव वाढली आहे. फेलिस यांच्याकडे केवळ कुणाची प्रेयसी किंवा केवळ बळी म्हणून पाहणे अपुरे आहे. अकाली पोरक्या झालेल्या, शिक्षण तोडले गेलेल्या आणि तरीही दोन वर्षे राजवटीला हुलकावणी देत लिहीत, हसत व प्रेम करत राहिलेल्या तरुणीचे ते स्वतंत्र जीवन होते. नाझी काळातील समलिंगी स्त्रियांच्या इतिहासात तसेच भूमिगत ज्यूंच्या इतिहासात त्यांचे नाव आज महत्त्वाचे मानले जाते.

स्मृती

फेलिस व लिली यांची पत्रे, कविता आणि छायाचित्रे आज बर्लिनच्या ज्यू संग्रहालयात जतन केलेली आहेत. फ्रीडरिखशालर रस्त्यावरील २३ क्रमांकाच्या इमारतीसमोर फेलिस यांच्या नावाचा स्मृतिपाषाण बसवलेला आहे. नाझी बळींच्या अखेरच्या निवासस्थानासमोर पदपथात बसवल्या जाणाऱ्या या लहान पितळी पट्ट्यांना जर्मनीत ‘श्टोल्परश्टाइन’ म्हणतात. फेलिस यांची स्वतःची कबर कोठेही नाही. बर्लिनच्या लिश्टरफेल्डे भागातील दफनभूमीत लिली यांच्या समाधिशिलेवर त्यांचेही स्मरण कोरलेले आहे.